मोटारीच्या स्टिअरिंगचे सांधे : घरी काय करावे, काय करू नये

अखाजी, ईद, दिवाळी आणि त्यामागून येणारी लग्नसराई आली म्हणजे पांडेसऱ्यातील सोसायट्यांच्या गल्ल्यांतून पहाटेच मोटारी निघतात, त्या बहुतेक खानदेशच्या वाटेने. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट आणि पुढे साक्री व धुळे, हा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांस तोंडपाठ आहे. पूर्वी त्यास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत; आता त्याचा क्रमांक ५३ आहे. पाच जणांच्या गाडीत सात माणसे बसतात, टपावर बोचकी चढतात. निघण्यापूर्वी मालक तेल पाहतो, पाणी पाहतो, चाकांत हवा भरून घेतो. लिंबू-मिरची बांधणारा ती बांधतो, बिस्मिल्ला म्हणणारा बिस्मिल्ला म्हणतो. मात्र पुढली चाके ज्यांच्या भरवशावर रस्त्यावर सरळ उभी असतात, त्या चार सांध्यांस कोणी हात लावून पाहत नाही. आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत शिक्षण व आरोग्य यांवर अधिकारी मंडळींनी लिहिले असेलच. आम्ही या चार सांध्यांविषयी लिहावयाचे ठरविले आहे.

आपल्या वस्तीत मोटार आता नवलाईची राहिली नाही. प्रोसेस हाउसमधील सुपरवायझर, लूम्सवरील मास्टर, दुकानदार, शिक्षक यांच्या दारांत गाडी दिसते. ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताची असते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. तरी या गाड्या आपल्या गल्ल्यांत अद्याप धावत आहेत, आणि जुनी आल्टो वा वॅगन-आर तर पावलोपावली आहे. गाडी जुनी असणे हा काही दोष नव्हे. परंतु भाड्याच्या गाडीस योग्यतेचा दाखला वेळोवेळी घ्यावा लागतो, तसा खाजगी मोटारीस नोंदणीनंतर पहिली पंधरा वर्षे लागत नाही. म्हणजे इतका दीर्घ काळ त्या गाडीखाली वाकून पाहण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकाची असते, आणि मालक सीटवर बसलेला असतो.

स्टिअरिंगची रचना एकदा ध्यानी आली म्हणजे पुढील सर्व गोष्टी सोप्या जातात. बैलगाडीस दोनच चाके. बैल वळले की जू वळते आणि आखासकट गाडी वळते. चारचाकी घोडागाडीत पूर्वी पुढला आखच मधल्या खिळ्यावर फिरवीत, त्यामुळे वळणावर गाडी कलंडण्याचे भय असे. म्युनिकचा गाडी बांधणारा कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने सन १८१६ च्या सुमारास आख स्थिर ठेवून चाकेच आपापल्या खुंट्यांवर वळविण्याची युक्ती काढली. तिचे इंग्लंडमधील पेटंट १८१८ मध्ये लंडनचे ग्रंथप्रकाशक रुडॉल्फ आकरमान यांनी घेतले आणि नाव पडले ते आकरमानचे. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार विज्ञानाच्या पुस्तकांत आम्हांस वारंवार भेटतो.

या युक्तीत एक मेख आहे. कवायतीत मुलांची रांग वळते तेव्हा आतला मुलगा लहान वर्तुळात फिरतो आणि बाहेरचा मोठ्या वर्तुळात. मोटारीच्या दोन पुढल्या चाकांचेही तसेच आहे. आतले चाक अधिक वळले पाहिजे, बाहेरचे कमी. म्हणून प्रत्येक चाकामागे नकल नावाचा जो भाग असतो त्यास एक आखूड हात असतो, आणि त्या हातास ढकलणारा वा ओढणारा दांडा म्हणजे टायरॉड. आजच्या छोट्या गाड्यांत स्टिअरिंगची दांडी एक दातेरी चक्र फिरविते, ते चक्र एका दातेरी पट्टीस डावीकडे-उजवीकडे सरकविते आणि पट्टीच्या दोन टोकांस हे दांडे जोडलेले असतात. पट्टीस रॅक म्हणतात. आपल्याकडील जुन्या अँबेसेडरलाही रॅकच होता. कुर्ल्यास तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत मात्र निराळी पेटी व दांड्यांची साखळी असे, त्यामुळे तिच्यात सांधे अधिक आणि ढिलाईच्या जागाही अधिक.

टायरॉड नकलला जेथे मिळतो तेथे एक गोळा व त्याची वाटी असते, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी. यास मिस्त्री लोक ‘टायरॉड एंड’ किंवा नुसते ‘एंड’ म्हणतात. त्याच जातीचा, पण अधिक जड असा दुसरा सांधा खाली लोअर आर्मच्या टोकाशी असतो. त्यास बॉल जॉइंट म्हणतात. दोन बाजूंचे मिळून हे चार सांधे. वाटीत वंगण भरलेले असते आणि वर रबराची टोपी. जुन्या गाड्यांत ग्रीस भरावयास निपल असे. आताचे सांधे बहुधा बंद असतात, कारखान्यात भरलेले वंगण तेच शेवटपर्यंत. म्हणून या सांध्याचे आयुष्य लोखंडावर नव्हे, तर त्या रबरी टोपीवर अवलंबून आहे. टोपीस चीर पडली की धूळ आत जाते. पावसाळ्यात खाडी भरून पाणी रस्त्यावर आले आणि त्यातून गाडी काढली की पाणीही आत जाते. वंगण धुऊन निघते, गोळा गंजतो, आणि मग प्रत्येक खड्ड्यागणिक वाटी थोडी थोडी रुंद होते.

हे इतक्या सावकाश घडते की रोज चालविणाऱ्याचा हात त्या ढिलाईस सरावतो. दोन महिन्यांनी गाडी दुसऱ्याने हाती घेतली की तो म्हणतो, ‘भाऊ, गाडी हलते आहे’. मालक म्हणतो, ‘तिची सवयच तशी आहे’. गाडीस सवय नसते. शेवटी एके दिवशी गोळा वाटीतून बाहेर निघतो. तो टायरॉडचा असला तर एक चाक आपल्या मनाने वळते आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही. खालचा बॉल जॉइंट असला तर चाक बाहेरच्या बाजूस दुमडते आणि गाडीचा कोपरा जमिनीवर बसतो. सोसायटीच्या फाटकात असे घडले तर फजिती होते. घाटाच्या वळणावर, समोरून भरलेला ट्रक येत असता घडले तर काय होईल ते लिहून दाखविण्याची जरुरी नाही.

कायद्यानेही या सांध्यांची दखल घेतली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ वा नियम सांगतो की, स्टिअरिंगच्या चाकावरील ढिलाई ३० अंशांहून अधिक असू नये, सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि जेथे बोल्ट वा पिन असेल तेथे ती निसटणार नाही अशी पक्की बंद केलेली असावी. हे ३० अंश म्हणजे ३७ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर साडेनऊ सेंटिमीटरांहून थोडे अधिक. आमच्या मते ही मर्यादा फारच उदार आहे. ती ट्रकपासून सर्व वाहनांस लागू असल्याने तशी ठेवावी लागली असावी. सुझुकीच्या छोट्या गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तकांत हीच ढिलाई ३० मिलिमीटरपर्यंत ठीक मानली आहे. दोन बोटांहून जास्त चाक फिरूनही पुढली चाके हलत नसतील, तर पंधरा वर्षांची वाट न पाहता गाडी तपासावी.

तपासणी घरच्या घरी होते व तिला खर्च नाही. गाडी जमिनीवरच उभी असता एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बाजूने वाकून टायरॉड एंडवर हात ठेवावा. सांधा झिजला असेल तर तळहातास ‘टक्’ असे लागते. त्यानंतर जॅक लावून पुढले एक चाक उचलावे, खाली घोडी द्यावी आणि चाक घड्याळातील नऊ व तीनच्या जागी धरून हलवावे. तेथे खडखड असेल तर दोष टायरॉडकडे असण्याचा संभव अधिक. मग बारा व सहाच्या जागी धरून हलवावे. तेथे हालचाल असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. या दोहोंतील कोणते, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे : कोणास तरी ब्रेक दाबून धरावयास सांगून पुन्हा हलवावे. हालचाल थांबली तर बेअरिंग, न थांबली तर सांधा. टायरची एकच कड घासली जाणे, गाडीने एका बाजूस ओढणे, खड्ड्यात खालून आवाज येणे, ही लक्षणेही ध्यानात घ्यावीत. मात्र ठराविक वेगातच स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले असते; उगाच सांधे बदलून पैसे घालवू नयेत.

आता मुख्य प्रश्न. या चारांपैकी घरी काय बदलावे? आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्याच्या हाताला पान्याची सवय आहे त्याने टायरॉड एंड खुशाल बदलावा. बॉल जॉइंट पुष्कळ छोट्या गाड्यांत लोअर आर्मलाच बसवून येतो आणि आर्मसकट बदलावा लागतो. त्यास जोर, जागा व दाबयंत्र लागण्याचा संभव असतो, तो गॅरेजवर सोपवावा. रॅक मुळीच उघडू नये. स्टिअरिंगच्या चाकास व त्याच्या दांडीस हात लावू नये, कारण नव्या गाड्यांत तेथे एअरबॅग व विजेची मोटर असते. भाड्याच्या आणि शाळेची मुले नेणाऱ्या व्हॅनवर तर घरगुती प्रयोग करूच नयेत. शाळेच्या दारात रोज त्या व्हॅनमधून उतरणारी मुले आम्ही मोजतो, म्हणून हे जरा कडक शब्दांत लिहीत आहोत.

गाडी उचलण्याबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण सांधा बदलण्यापेक्षा धोका यात अधिक आहे. आपल्या सोसायट्यांत गल्लीला गटाराकडे उतार असतो आणि वर पेव्हर ब्लॉक बसविलेले असतात. जॅकचे लहानसे बूड ब्लॉकच्या सांध्यावर आले की ब्लॉक दबतो आणि जॅक तिरपा होतो. खाली जाड लाकडी फळी घालावी. सपाट जागा शोधावी, मग ती चार घरे पलीकडे का असेना. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, मागल्या चाकांच्या पुढे-मागे दगड वा लाकडी ठोकळे द्यावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडी उचलल्यावर लोखंडी तिवई, जिला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, ती चॅसीच्या मजबूत भागाखाली द्यावी. विटा रचून त्यांवर गाडी ठेवण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. वीट भाराखाली सूचना न देता फुटते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग, एक हातसुद्धा, घालू नये. मुलांना आधीच घरात पाठवावे. बॅटरी धरावयास एक मोठे माणूस पुरे.

चाक काढले की सांधा समोर दिसतो. तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत आणि गंज सोडविणारे तेल सोडून थोडा वेळ थांबावे. मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट : सांधा दांड्यावर कोठपर्यंत फिरवून बसविला आहे त्याची खूण करावी. घरातील नेलपॉलिशची बाटली या कामास उत्तम. तेलाने ती खूण पुसली जात नाही. उघडे आटेही मोजून कागदावर लिहून ठेवावेत. त्यानंतर दांड्यावरील चेकनट पाव फेरा सैल करावा, फार नको. आता सांध्याच्या खाचांच्या नटमधील स्प्लिट पिन पकडीने काढून नट सोडवावा. सांध्याची खुंटी नकलच्या हातात निमुळती बसलेली असते, त्यामुळे नट काढूनही ती सुटत नाही. अशा वेळी खुंटीच्या टोकावर हातोडा मारण्याचा मोह होतो. त्याने आटे पसरतात आणि काम अडते. पुलर लावावा. तो नसेल तर नकलच्या हाताच्या एका बाजूस जड लोखंड टेकवून दुसऱ्या बाजूस हातोड्याचा ठोका द्यावा. भोक क्षणभर हलते आणि खुंटी खाली पडते.

जुना सांधा दांड्यावरून फिरवून काढताना पूर्ण फेरे मोजावेत. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्यापूर्वी पाहून घ्यावे. तितकेच फेरे देऊन नवा सांधा चढवावा, खुंटी नकलमध्ये घालावी आणि नट कसावा. कसताना खुंटी स्वतःच फिरू लागली तर सांध्याला खालून जॅकने हलकासा दाब द्यावा, म्हणजे ती बसते. नट किती कसावयाचा ते गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते. टॉर्क पाना असल्यास तो आकडा तंतोतंत साधता येतो. पिनचे भोक व नटची खाच जुळत नसेल तर नट आणखी कसून जुळवावी, सैल करून कधीही जुळवू नये. पिन नवीच घालावी. जुनी पिन सरळ करून, किंवा खिळा अथवा तार वापरून काम भागविलेले आम्ही पाहिले आहे. पिनची किंमत इतकी क्षुल्लक आहे की या काटकसरीस आम्हांस नाव सुचत नाही. ज्या गाड्यांत पिनऐवजी नायलॉनचा नट असतो तेथे सांध्याबरोबर आलेला नवा नटच वापरावा. शेवटी चेकनट घट्ट करावा. हा विसरला तर बाकी सर्व श्रम फुकट जातात.

सांधा विकत घेताना गाडीचे मॉडेल व साल दुकानदारास सांगावे आणि जुना नमुना बरोबर न्यावा. डब्यावर बनविणाऱ्याचे नाव नसेल तर तो माल घेऊ नये. एका बाजूचा गेला असेल तर दुसरा त्याच वयाचा असतो. आम्ही जोडीने बदलण्याच्या मताचे आहोत, जरी तसा नियम नाही.

इतके करून गाडी थेट गावाकडे काढावयाची नाही. फेरे मोजून बसविलेला सांधा जवळपास पूर्वीच्या जागी येतो, अगदी त्याच जागी नव्हे, कारण नव्या सांध्याची लांबी केसभर वेगळी असू शकते. या ‘जवळपास’चा हिशेब पाहा. आट्यांतील अंतर दीड मिलिमीटर आणि नकलचा हात बारा सेंटिमीटर धरला, तर एका फेऱ्याच्या चुकीने चाक सुमारे ०.७ अंश वळते. गाडी सरळ चालविताना ही चूक दोन्ही पुढली चाके निम्मी निम्मी वाटून घेतात. म्हणजे प्रत्येक चाक ०.३५ अंश तिरपे होऊन पळते आणि दर किलोमीटरला सुमारे ६ मीटर आडवे घासले जाते. पांडेसऱ्याहून दोनशे किलोमीटर गेले की तेच रबर १२०० मीटर आडवे घासून निघाले. म्हणून त्याच दिवशी, सावकाश चालवीत, जवळच्या व्हील अलाइनमेंटच्या दुकानी जावे. उधना-पांडेसरा भागात अशा दुकानांची उणीव नाही. तेथील यंत्र दोन्ही चाकांचा कोन मोजून दाखविते आणि कारागीर तोच चेकनट सैल करून दांडा फिरवितो व पुन्हा कसतो. त्याने कसला की नाही हे उभे राहून पाहावे. पाहिल्याने कोणी रागावत नाही. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर चाकाचे नट, चेकनट व पिन यांवर एकदा नजर टाकावी.

काही शे रुपयांचा सांधा आणि एका दुपारचे काम, एवढाच हा व्याप आहे. तरीही तो टाळला जातो याचे एक कारण असे की, चांगली घोडी, पुलर आणि टॉर्क पाना ही अवजारे वर्षातून एकदा लागतात आणि एकट्याने विकत घेण्यास महाग वाटतात. त्यामुळे विटा आणि हातोडा यांवर काम उरकले जाते. आपल्या ट्रस्टतर्फे लग्नकार्यास मोठी पातेली व सतरंज्या नाममात्र भाड्याने मिळतात आणि त्यांचा हिशेब चोख ठेवला जातो. त्याच खोलीत एका कपाटात घोड्यांची एक जोडी, एक पुलर, एक टॉर्क पाना, दोन जाड फळ्या आणि चार लाकडी ठोकळे ठेवावेत, अशी आमची विश्वस्त मंडळास सूचना आहे. बरोबर एक वही असावी. तीत गाडीचा क्रमांक, तारीख, कोणत्या बाजूचा कोणता सांधा बदलला याची नोंद आणि अलाइनमेंटची पावती चिकटविण्यास जागा ठेवावी. पावती आणून चिकटविल्याखेरीज अवजारांची अनामत परत करू नये.